माया धरून

मस्कत ते हॅलिफॅक्स
दहा हजार तीनशे ऐंशी किलोमीटर.
तस्कीनने मोबाइलवर दाखवलं,
वर म्हणाली, हे विमानतळ ते विमानतळ, अब्बा.
म्हणजे घर ते घर नाही.
रुवीतल्या या गाळ्यातून विमानतळापर्यंतचं वेगळं,
आणि तिकडचं, बर्फातलं, जे काय असेल ते
वेगळं.

गाळ्यात आम्ही तिघं शिंपी.
तिघांनाही ती रेघ पटली नाही.
मस्कतहून सरळ डावीकडे जायचं सोडून
ती इराणवर चढते,
चढत चढत पार डेन्मार्कला शिवते
आणि मग उतरते खाली,
बाहीच्या मुंढ्यासारखी.
रफीकुल म्हणाला, तेल काय फुकट आहे?
मुबारक म्हणाला, इथूनच भरून निघतंय,
असेलही.

शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडून
पृथ्वीचा गोल मागून आणला.
विकायचा होता, म्हणून जपून.
कच्च्या टाक्याचा पांढरा दोरा
एका अंगठ्याखाली मस्कत, दुसऱ्याखाली हॅलिफॅक्स,
धरला आणि ताणला.
दोरा आपोआप सरकला वर, डेन्मार्ककडे.
मी नेला नाही.

सपाट कापडावर सरळ कापलेली पट्टी
खांद्यावर वाकडी जाते,
खांद्यावर सरळ हवी तर
कापडावर वाकडी कापावी लागते,
हे मला चव्वेचाळीस वर्षं ठाऊक आहे.
पृथ्वीलाही खांदा असतो
हे ठाऊक नव्हतं.

दोरा उचलून टेपवर ठेवला.
साडेनऊ इंच.

मस्कत ते बाणकोट
मी कधी किलोमीटरमध्ये मोजलं नाही.
ते दोन वर्षांतून एकदा
एवढं होतं.
मधल्या काळात गावचं कोणी आलं
की पाकिटातून दोरे यायचे.
झुबेदाने पोरीच्या अंगावर धरून कापलेले,
एक गाठ म्हणजे छाती,
दोन गाठी म्हणजे उंची,
बिनगाठीचा म्हणजे बाही.
मी ते टेपवर ठेवायचो, वहीत लिहायचो,
ईदचा झगा शिवून परत पाठवायचो.
झगा पोचेपर्यंत पोर त्यातून
थोडी बाहेर आलेली असायची.

वही अजून आहे, मशीनच्या खणात.
तिची दुसरी ईद :
बाही, साडेनऊ.

मी वही मिटली.
रफीकुलने विचारलं, हिशोब चुकला का?
म्हटलं, नाही, बरोबर आहे.

सरळ विमान मुळात नाहीच.
फ्रँकफर्टला जोड आहे, पाच तासांचा.
अखंड कापड पुरलं नाही
की आपण देतो तसा,
दिसू नये म्हणून आतल्या बाजूला.

कोटासाठी लोकर इथे कोण विकतं?
मतराहच्या बाजारात, एका बलुची दुकानदाराकडे
तीन मीटर निघाली,
तळातली, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी.
जाताना महिनाभर आली आहे ती माझ्याकडे,
तेव्हा पहिल्यांदाच
माप समोर उभं राहिलं.
हात आडवा कर म्हटलं, तिने केला.
दोरा नाही, गाठ नाही.
मला दोनदा टेप लावावी लागली.

बगलेत, बाहीत, पाठीच्या शिवणीत
दोन-दोन इंच माया सोडली.
तिने आतून उलटून बघितलं,
अब्बा, बाविसावं लागलं मला,
आता आणखी काय वाढणार?
म्हटलं, आत स्वेटर घालशील.

मोबाइलमधला आकडा काटेकोर आहे,
जिथे कापला तिथेच शिवलेला.
त्यात कोणी काही सोडलेलं नाही.

गोल संध्याकाळी परत केला.
हॅलिफॅक्सच्या बाजूला
माझ्या अंगठ्याचा ठसा राहिला होता, खडूचा,
निळा,
समुद्रात मिसळून गेलेला.
दुकानदाराने फिरवून बघितला गोल
आणि ठेवून दिला
पंधरा रियालच्या चिठ्ठीसकट
काचेत.